लघवीची धार बारीक का झाली? मूत्रमार्ग आकसण्याच्या प्रकारांचा आणि कारणांचा इतिहास

पेट, सेट, नेटचा अभ्यास करणाऱ्या आणि पुढे सिनॉप्सिस लिहायला बसणाऱ्या आपल्या वाचकांसाठी आज थोडा अवघड विषय घेतलाय. अवघड म्हणजे समजायला नाही, बोलायला. मूत्रमार्ग अरुंद होणे, म्हणजेच डॉक्टर ज्याला 'स्ट्रिक्चर' म्हणतात तो आजार. आपल्या हिंगोलीकडे कुणी हा शब्द वापरत नाही. इकडे "लघवी तुंबते", "धार बारीक झाली", "उन्हाळी लागली" एवढंच म्हणतात, आणि तेही अगदी जवळच्या माणसाला, आवाज खाली करून.

मी हा विषय इतिहासाच्या अंगाने घेतोय, त्याला एक कारण आहे. या आजारातली तक्रार अडीच हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. लघवीला जोर लावावा लागतो, वेळ लागतो, धार फाटते, थेंब थेंब होते, शेवटी तुंबते. पण "हे कशामुळे झालं?" या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक काळात वेगळं आलं. कधी वात, कधी परमा, कधी अपघात, कधी खुद्द डॉक्टरने घातलेली नळी. संशोधन पद्धतीच्या पेपरात आपण 'कारण' आणि 'वर्गीकरण' हे शब्द पाठ करतो. ते प्रत्यक्षात कसे घडतात, कसे चुकतात आणि त्या चुकीची किंमत कोण मोजतं, हे या एका आजारात फार स्वच्छ दिसतं.

आधी रचना समजून घेऊ

पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटीमीटर लांब असतो. त्याचे दोन मोठे भाग. मूत्राशयाच्या तोंडापासून प्रोस्टेटमधून आणि मूत्र रोखून धरणाऱ्या स्नायूमधून जाणारा तो मागचा भाग. त्यापुढचा, स्पंजासारख्या रक्ताळ ऊतीने वेढलेला तो पुढचा भाग. पुढच्या भागातही सुरुवातीचा फुगीर 'बल्बर' भाग, मग शिश्नातला भाग आणि शेवटी बाहेरचं तोंड. स्त्रियांचा मूत्रमार्ग फक्त चारेक सेंटीमीटरचा असतो. त्यांच्यातही हा आजार होतो, पण बराच कमी.

आता आकसणं म्हणजे काय? आतल्या अस्तराला इजा झाली की लघवी त्या जखमेतून बाजूच्या स्पंजी ऊतीत झिरपते. तिथे दाह होतो, आणि मऊ लवचिक ऊतीच्या जागी घट्ट तंतुमय ऊती येते. हाताला भाजल्यावर कातडी कशी ओढली जाते, तसंच आत नळीभोवती होतं. म्हणजे हा नुसता नळीच्या आतला पडदा नाही, नळीच्या भिंतीतच पडलेला व्रण आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्वाझचा नियम आठवत असेल. नळीची त्रिज्या निम्मी झाली की त्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. शरीरातली नळी काही काचेची नसते, त्यामुळे हा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय मूत्राशय जास्त जोर लावून तूट भरून काढतं. म्हणूनच बरीच वर्षं माणसाला काहीच जाणवत नाही. तक्रार सुरू होते तेव्हा आजार जुना झालेला असतो, आणि मूळ घटना माणूस विसरून गेलेला असतो. कारण शोधणाऱ्या संशोधकाची पहिली अडचण इथेच आहे.

सुश्रुताची मोहरी

सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यातला 'मूत्रोत्संग' वाचताना आजचा रुग्ण डोळ्यांसमोर येतो. मूत्र मूत्राशयात, नाळेत किंवा शिश्नाच्या टोकाशी अडतं, जोर केला की हळूहळू, थोडं थोडं, कधी रक्तासह बाहेर येतं, दुखतं किंवा दुखत नाही. कारण म्हणून वायूचं नाव येतं. क्षुद्ररोगांत आणखी एक नाव आहे, 'निरुद्धप्रकश'. यात पुढची त्वचा मण्यावर आवळून बसते आणि मूत्राची वाट अडते.

त्यावरचा उपचार वाचण्यासारखा आहे. लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही बाजूंनी तोंड असलेली नळी घ्यायची, तूप लावून आत सरकवायची, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालत वाट मोठी करायची. नाहीच जमलं तर मधली शिवण सोडून शस्त्राने छेद द्यायचा आणि ताज्या जखमेसारखा उपचार करायचा. टप्प्याटप्प्याने जाड नळी घालत जाण्याची ही पद्धत, म्हणजे 'डायलेटेशन', आजही जगभर चालू आहे.

मात्र इथे एक सावधगिरी. बरेच विद्यार्थी लिहून टाकतात की निरुद्धप्रकश म्हणजेच स्ट्रिक्चर. वर्णन नीट पाहिलं तर ते पुढच्या त्वचेच्या आवळण्याशी, म्हणजे आजच्या फायमोसिसशी जास्त जुळतं. जुन्या ग्रंथातल्या नावावर आजचं निदान चिकटवणं हा इतिहासलेखनातला मोठा मोह आहे. लक्षण जुळलं म्हणून रोग जुळला असं होत नाही. तापाची शंभर कारणं असतात, तशीच अडलेल्या लघवीचीही.

सुश्रुताची दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. उत्तरबस्तीसाठी, म्हणजे मूत्रमार्गातून औषध सोडण्यासाठी, जी नळी सांगितली आहे तिची लांबी रुग्णाच्या स्वतःच्या बोटांनी चौदा अंगुळं, टोक मालतीच्या फुलाच्या देठाएवढं, आणि छिद्र मोहरीचा दाणा जाईल एवढं. हे मोजमाप आहे. फुलाचा देठ आणि मोहरी ही त्या काळची फूटपट्टी. लांबी रुग्णाच्या शरीरावरून घ्यायची, हाही विचार त्यात आहे.

छावणी, परमा आणि एक फसलेला प्रयोग

मराठीत 'परमा' हा शब्द गोनोरियासाठी वापरतात. तो आला 'प्रमेह' या संस्कृत शब्दावरून. गंमत अशी की आयुर्वेदात प्रमेह म्हणजे लघवीच्या बिघाडांचा मोठा गट, ज्यात मधुमेहसुद्धा येतो. बोलीत येता येता त्याचा अर्थ एका संसर्गापुरता उरला, आणि त्याला लाज चिकटली. शब्दाबरोबर संशयही आला. ज्याची लघवी बिघडली त्याने काहीतरी 'केलं' असणार.

हा संशय फक्त लोकांच्या डोक्यात नव्हता, तो वैद्यकातही होता. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या डॉक्टरांच्या दृष्टीने स्ट्रिक्चरचं मुख्य कारण परमाच. उपचार नसलेला गोनोरिया मूत्रमार्गातल्या बारीक ग्रंथींत मुरतो आणि काही वर्षांनी तिथे व्रण पडून नळी आवळते. बल्बर भागात त्याचं प्रमाण जास्त. फार वाढलं की लघवी बाजूने वाटा काढते आणि खालच्या भागाला झारीसारखी छिद्रं पडतात. जुन्या पुस्तकांत त्याचं नावच 'झारीसारखा पेरिनियम' असं आहे.

कारण पक्कं करण्याच्या नादात एक प्रसिद्ध गोंधळ झाला. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७६७ मध्ये परम्याच्या रुग्णाचा स्राव टोचून पाहिला. हा प्रयोग स्वतःवर केला की दुसऱ्या कुणावर, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. टोचलेल्या माणसाला गरमीची, म्हणजे सिफिलिसची लक्षणं दिसली. हंटर यांनी निष्कर्ष काढला की दोन्ही रोग एकच, आणि १७८६ च्या आपल्या ग्रंथात तो मांडला. मूळ रुग्णाला दोन्ही रोग असण्याची शक्यता बाजूला राहिली. फ्रान्सच्या फिलिप रिकॉर यांनी १८३८ मध्ये दोन्ही रोग वेगळे असल्याचं दाखवलं. गोनोरियाचा जंतू आल्बर्ट नायसर यांना १८७९ मध्ये सापडला. एक नमुना, एक माणूस आणि एक मोठं नाव, एवढ्या भांडवलावर चुकीचं मत पन्नासहून अधिक वर्षं टिकलं.

आता आपल्या गावाकडे येऊ. हिंगोली म्हटलं की आज आपल्याला हळदीचा बाजार, औंढ्याचा नागनाथ, नामदेवांचं नर्सी आठवतं. पण एकोणिसाव्या शतकात हिंगोलीची ओळख छावणी अशी होती. निजामाच्या खर्चाने चालणारी, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची 'हैदराबाद कंटिंजंट' फौज इथे असायची. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळून टाकली आणि छावणी संपली. जिल्हा म्हणून हिंगोली परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.

छावणी हा शब्द या विषयात महत्त्वाचा आहे, कारण परम्याची सरकारी आकडेवारी छावण्यांतून आली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा संसर्गजन्य रोग कायदा आला. बाजारातल्या वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबणं हे सगळं त्याखाली चाललं. शिपायाची तपासणी तितक्या कडकपणे होत नसे. १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमधल्या ठरावानंतर ही व्यवस्था मागे घ्यावी लागली. तरी १८९५ च्या सुमारास हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैन्यात गुप्तरोगासाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण हजारामागे पाचशेच्या वर होतं.

इथे थांबून विचार करा. मोजलं कुणाला? बराकीतल्या तरुण, कुटुंबापासून लांब असलेल्या सैनिकांना. त्याच काळात बैलगाडीवरून पडलेला, झाडावरून फांदीवर आदळलेला, लहानपणापासून कातडी आवळलेली असलेला शेतकरी कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हता. ज्याची नोंद झाली तेच कारण मोठं दिसलं. परमा हे त्या काळी खरंच मोठं कारण होतं, यात शंका नाही. पण 'मोठं कारण' आणि 'एकमेव कारण' यातलं अंतर पुसून टाकायला अशी आकडेवारी पुरेशी ठरते.

तिसरा हिस्सा मिलिमीटर

हिंगोलीकरांना गेज समजावून सांगायला नको. अकोला-पूर्णा मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज होताना आपण पाहिलाय. मूत्रमार्गाच्या नळ्यांनाही गेज असतं, त्याला 'फ्रेंच' म्हणतात. पॅरिसचे शस्त्रं बनवणारे कारागीर जोसेफ शारिएर यांनी एकोणिसाव्या शतकात ते रूढ केलं. एक फ्रेंच म्हणजे व्यासाचा एक तृतीयांश मिलिमीटर. दवाखान्यात "सोळा नंबरची नळी आणा" म्हणतात ती १६ फ्रेंच, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास.

मोहरीच्या जागी प्रमाणित आकडा आला आणि लगेच एक नवा प्रश्न उभा राहिला. निरोगी मूत्रमार्ग किती रुंद असतो? न्यूयॉर्कचे फेसेंडेन ओटिस यांनी १८७० च्या दशकात त्यासाठी मोजण्याचं यंत्रच बनवलं, आणि समजुतीपेक्षा मूत्रमार्ग बराच मोठा, ताणला जाणारा असल्याचं दाखवलं. यातून दोन गोष्टी निघाल्या, एक चांगली आणि एक वाईट.

चांगली अशी. बोस्टनचे हेन्री बिगेलो यांनी यावर विसंबून जाड नळ्या वापरल्या आणि १८७८ मध्ये मुतखडा आतल्या आत फोडून एकाच बैठकीत तुकडे बाहेर काढण्याची पद्धत मांडली. तिचं नाव लिथोलापॅक्सी. तेव्हाचं मत असं होतं की लहान मुलांचा मूत्रमार्ग बारीक, त्यांच्यात हे शक्य नाही, त्यांना कापूनच खडा काढावा. होळकरांच्या इंदूरमध्ये रेसिडेन्सी सर्जन असलेले डेनिस कीगन यांनी १८८० च्या दशकात लहान मुलांवर ही पद्धत वापरून ते मत खोडलं, आणि १८८७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मध्य हिंदुस्थानातल्या मराठी राजवटीच्या शहरातून निघालेला पुरावा लंडनच्या पाठ्यपुस्तकांना उत्तर देत होता. हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं.

वाईट गोष्ट अशी की ओटिस यांनी सरासरीलाच नियम बनवलं. शिश्नाच्या घेरावरून मूत्रमार्ग किती असायला हवा याचं कोष्टक केलं आणि त्याहून थोडा जरी कमी भरला तरी त्याला 'मोठ्या व्यासाचं स्ट्रिक्चर' म्हणून कापायला सुरुवात केली. त्यांच्या हयातीतच त्यावर वाद झाला. ज्यांना काहीच त्रास नव्हता तेही व्याख्येमुळे रुग्ण ठरत होते. आज आपल्याला माहीत आहे की साधारण १० ते ११ फ्रेंचच्या खाली गेल्याशिवाय प्रवाहावर ठळक परिणाम दिसत नाही. तुमच्या संशोधनात 'सामान्य' आणि 'असामान्य' यांची रेघ तुम्ही कुठे मारता, हे म्हणूनच पहिल्या प्रकरणात स्पष्ट लिहायचं असतं.

पेनिसिलिन आलं, फोलीची नळीही आली

१९३७ पासून सल्फाची औषधं आणि १९४३ पासून पेनिसिलिन गोनोरियावर वापरात आलं. परमा वेळेत बरा होऊ लागला. त्यामुळे स्ट्रिक्चर संपायला हवं होतं. ते संपलं नाही.

त्याच सुमारास, १९३० च्या दशकात, अमेरिकेतले फ्रेडरिक फोली यांनी फुग्याची नळी आणली. टोकाशी फुगा असल्याने ती आत टिकून राहते. आज कुठल्याही आयसीयूत, कुठल्याही मोठ्या शस्त्रक्रियेत ती असतेच, आणि तिने असंख्य जीव वाचवलेत. पण फुगा मूत्राशयात पोचण्याआधी मूत्रमार्गातच फुगवला, नळी जाड निवडली, ती जास्त दिवस ठेवली किंवा ओढली गेली, तर अस्तराला इजा होते. पुढे प्रोस्टेट दुर्बिणीतून काढण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या, त्यातही मूत्रमार्गाला घासणं आलं. अशा रीतीने 'उपचारजन्य' हे कारण यादीत आलं आणि श्रीमंत देशांत हळूहळू वर सरकलं.

यातला फिनलंडचा प्रसंग संशोधकांनी वाचण्यासारखा आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांना अचानक स्ट्रिक्चर होऊ लागलं. हृदय आणि मूत्रमार्गाचा काय संबंध? शोध घेतल्यावर बोट गेलं लॅटेक्सच्या नळ्यांतून झिरपणाऱ्या विषारी घटकांकडे. त्यात शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्रमार्गाचा रक्तपुरवठा कमी पडत होता, म्हणून इजा जास्त झाली. एकटं कारण पुरेसं नव्हतं, दोन्ही एकत्र आल्यावर आजार झाला. पुढे नळ्यांच्या दर्जाकडे जगभर लक्ष गेलं, आणि जास्त दिवस ठेवायची तर सिलिकॉनची बरी, हे रूढ झालं.

पुण्यातून निघालेलं काम

आता आपल्या राज्यात येऊ. पुण्याचे युरोलॉजिस्ट संजय कुलकर्णी यांचं नाव या विषयात जगभर घेतलं जातं. २०१३ मध्ये इटली, अमेरिका आणि भारतातल्या रुग्णांची तुलना करणारा एक अभ्यास आला, त्याच्या लेखकांत ते होते. अडीच हजारांहून अधिक रुग्ण, सगळे मूत्रमार्गाची दुरुस्ती शस्त्रक्रिया झालेले. निष्कर्ष असा की इटली-अमेरिकेत उपचारजन्य कारणं जास्त, तर भारतात बाहेरून झालेली इजा आणि 'लायकेन स्क्लेरोसस' ही दोन कारणं तुलनेने जास्त. मागच्या मूत्रमार्गाचे रुग्णही भारतात जास्त.

याचा अर्थ आपल्या भाषेत असा. रस्त्यावरचा अपघात, दुचाकी, उलटलेला ट्रॅक्टर. कमरेचं हाड मोडतं तेव्हा मागचा मूत्रमार्ग हाडाबरोबर ओढला जाऊन तुटतो. दुसरा प्रकार म्हणजे दोन्ही पाय फाकून आदळणं, सायकलच्या दांडीवर किंवा विहिरीच्या काठावर. यात बल्बर भाग जांघेच्या हाडावर चिरडतो. त्या दिवशी थोडं रक्त येतं, दोन दिवसांत बरं वाटतं, आणि धार बारीक होते कधी तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी.

लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा दाह आहे. पांढरट चट्टे पडतात, पुढची त्वचा आणि मूत्रमार्गाचं तोंड आवळतं, आणि मग आजार आत आत सरकतो. एक मत असं की तोंड आवळल्यामुळे लघवीचा दाब मागे वाढतो, मूत्र बारीक ग्रंथींत शिरतं आणि पूर्ण नळी खराब होते. तो संसर्गजन्य नाही. कुणाकडून लागत नाही, कुणाला लावता येत नाही. प्रतिकारशक्तीच्या बिघाडाशी त्याचा संबंध असावा असं मानतात. मात्र क्वचित त्यात कर्करोगाचा धोका असतो, म्हणून दुर्लक्ष करायचं नाही.

उपचारातही एक महत्त्वाचं वळण आहे. या आजारात मूत्रमार्ग दुरुस्त करायला कातडी वापरली तर त्या कातडीतही तोच आजार येतो. म्हणून गालाच्या आतलं अस्तर वापरतात. ते कायम ओलं राहायला सरावलेलं असतं. ही कल्पना युक्रेनमधल्या किरिल सापेझ्को यांनी १८९० च्या दशकात करून पाहिली होती, मग ती विसरली गेली. १९९० च्या दशकात ती परत आली. इटलीच्या ग्विदो बार्बाली यांनी १९९६ मध्ये अस्तराचा तुकडा नळीच्या वरच्या बाजूला बसवायची पद्धत मांडली. २००९ मध्ये कुलकर्णी आणि बार्बाली यांनी मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करून, दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा आणि नसा न दुखावता हे करायची पद्धत प्रसिद्ध केली. जगात ती 'कुलकर्णी तंत्र' म्हणून ओळखली जाते.

आता यातला आपल्या भागाचा धागा बघा. गालाचं अस्तर निरोगी असायला हवं. आपल्याकडे गुटखा, खर्रा, तंबाखू-चुना यांनी तोंड उघडत नाही असे तरुण गावोगाव आहेत. तिथेही तंतुमय ऊतीच तयार झालेली असते, मूत्रमार्गात होते तशीच. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि पानटपरीवर काय मिळतं हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे खालची नळी दुरुस्त करायला शरीराने राखून ठेवलेला तुकडा आपण वर चघळून संपवतो. मग सर्जनला जिभेखालच्या अस्तराकडे वळावं लागतं.

२०१३ च्या अभ्यासाबद्दल एक प्रश्न मात्र तुम्ही स्वतःला विचारा. यात रुग्ण कोण होते? मोठ्या केंद्रात पोचून दुरुस्ती शस्त्रक्रिया झालेले. जो माणूस कधी पोचलाच नाही, तालुक्यात नळी घालून घालून दिवस काढतोय, तो यात नाही. छावणीच्या रजिस्टरबद्दल जे म्हटलं तेच इथेही लागू आहे, फक्त गाळणी वेगळी.

आजचं वर्गीकरण आणि ते का उपयोगी

२०१० मध्ये मोरोक्कोत मराकेशला झालेल्या आंतरराष्ट्रीय सल्लामसलतीत शब्दांची घडी नीट बसवली गेली. स्पंजी ऊतीने वेढलेल्या पुढच्या भागातल्या आकसण्यालाच 'स्ट्रिक्चर' म्हणायचं. मागच्या भागातल्या अरुंदपणाला 'स्टेनोसिस'. आणि कमरेचं हाड मोडून तुटलेल्या मूत्रमार्गाला वेगळं नाव, कारण तिथे नळी आवळलेली नसते, तिची दोन टोकंच वेगळी झालेली असतात. त्यानंतर जागा, लांबी आणि कारण असं तिन्ही लिहायचं. कारणांचे गट साधारण असे: इजा, उपचारजन्य, संसर्ग, लायकेन स्क्लेरोसस, जन्मजात दोष आणि त्यांच्या शस्त्रक्रिया, आणि कारण न सापडलेले. शेवटचा गट लहान नसतो. बरेचदा लहानपणी आदळलेलं कुणालाच आठवत नसतं.

नावांचा हा काथ्याकूट कशाला, असं वाटेल. पण उपचार त्यावरच ठरतो. दक्षिण आफ्रिकेत १९९७ मध्ये एक यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली. नळीने रुंद करणं आणि दुर्बिणीतून छेद देणं, दोन्हीचा निकाल जवळपास सारखाच निघाला. फरक पडला लांबीने. दोन सेंटीमीटरपेक्षा लहान आकसण्यात वर्षभरात साधारण ४० टक्के रुग्णांत ते परत आलं, चार सेंटीमीटरपेक्षा लांब असेल तर साधारण ८० टक्के. पुढच्याच वर्षी त्याच गटाने दाखवलं की दुसऱ्यांदा फायदा थोडाच असतो, आणि तिसऱ्यांदा तेच करण्यात अर्थ नसतो. प्रत्येक वेळी व्रणावर नवा व्रण पडतो. पहिल्यांदा लहान आणि सरळ आकसण्याला नळी ठीक आहे. पण परत परत येत असेल तर दुरुस्ती शस्त्रक्रियेचा विचार करावा, असं आजच्या मार्गदर्शक तत्त्वांचं म्हणणं आहे.

आता हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढ्याच्या माणसासाठी याचा अर्थ काय? बसस्टँडच्या भिंतीवर "गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज" रंगवलेलं असतं. धार बारीक झालेला माणूस आधी तिथे जातो, कारण त्याला आणि त्याच्या घरच्यांनाही वाटतं की हे 'तसलं'च काहीतरी आहे. ट्रॅक्टरवरून पडलेला, आयसीयूत नळी घातलेला, पांढरे चट्टे असलेला, सगळे एकाच संशयाच्या रांगेत उभे. बायको विचारत नाही, तो सांगत नाही. तोवर मूत्राशय थकतं, खडे होतात, किडनीवर ताण येतो. एकोणिसाव्या शतकातलं कारण अजून भिंतीवर आहे, आणि त्याची फी माणूस आज भरतो.

ज्यांच्या घरात असं कुणी असेल त्यांच्यासाठी दोन ओळी. सुरुवातीची तपासणी सोपी असते. एका यंत्रात लघवी करायची, ते प्रवाहाचा आलेख काढतं. आकसलेल्या मार्गाचा आलेख डोंगरासारखा वर न जाता पठारासारखा सपाट येतो. मग रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढला की जागा आणि लांबी कळते. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन सुरुवात करता येते. हिंगोलीतही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलंय. लघवी पूर्ण तुंबली तर मात्र वाट न पाहता लगेच दवाखाना. आणि डॉक्टरांना पडल्याचा, अपघाताचा, आधी कधी नळी घातल्याचा इतिहास आठवून सांगायचा, वीस वर्षांपूर्वीचा असला तरी.

आणि जे सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत त्यांच्यासाठी एक विषय सुचवतो. आपल्या जिल्ह्यात शासकीय दवाखान्यात लघवी तुंबल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या पुरुषांत आकसण्याचं प्रमाण किती, त्याचं कारण काय लिहिलं जातं, आणि पहिल्या तक्रारीपासून योग्य तपासणीपर्यंत किती महिने जातात? नमुना मोठ्या केंद्रातून न घेता तालुक्यापासून घ्यायचा. प्रश्नावलीत "पूर्वी गुप्तरोग होता का" हा प्रश्न पहिला ठेवू नका. आधी विचारा, "कधी पडला होतात का?" उत्तरं वेगळी येतील. एथिक्स कमिटीची परवानगी, गोपनीयता आणि प्रश्न विचारायला पुरुष सहाय्यक, एवढी तयारी आधी करा. कुणी हा विषय घ्यायचं ठरवलं तर प्रश्नावलीचा पहिला मसुदा मला पाठवा, एकत्र बसून बघू.